वाणातल्या गोळ्या

संक्रांतीला वाण काय द्यायचं, हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरी दरवर्षी पडतोच. डबे झाले, चाळण्या झाल्या. अकोल्याच्या ताराबाईंनी यंदा हळदीकुंकवाला चक्क ॲस्पिरिनची पाकिटं लुटली!

त्यांची सख्खी बहीण दिवाळीत आतड्याच्या कॅन्सरनं गेली होती. रोज एक ॲस्पिरिन घेतली की कॅन्सर होत नाही, असं मोबाईलवर कुठूनसं आलं आणि ताराबाईंनी ते मनावर घेतलं. एकवीस बायका पाकिटं घेऊन गेल्या.

महिनाभरात शेजारच्या मनकर्णाबाई पांढऱ्याफटक दिसू लागल्या. त्या फाटकाला टेकून दम घेत होत्या, तेव्हा ताराबाईंनी त्यांना हटकलं.

"काई नाई व, चक्कर येऊन राह्यली. संडासबी डांबरावानी काळी होते. पण तुमची गोळी एक दिवस चुकवली नाई मी. गुडघ्याच्या गोळीसंगं रोज घेतो."

ताराबाईंनी घरात धाव घेतली. त्यांनी अमरावतीला, गेलेल्या बहिणीच्या मुलीला, डॉक्टर प्राजक्ताला, फोन लावला.

"मावशी, पोटातून रक्त जात असणार. आधी दवाखाना गाठ!"

संध्याकाळी प्राजक्ता दवाखान्यात आली, तेव्हा मनकर्णाबाईंना रक्ताची दुसरी बाटली चढत होती. त्या डोळे उघडत नव्हत्या.

"ते औषध खोटं होतं का गं?" ताराबाईंनी विचारलं.

"खोटं नाही. काही जणांना त्याचा फायदा होतो, तोही बरीच वर्षं घेतल्यावर. पण त्याच गोळीनं रक्तस्राव होतो. वय, अल्सर, सोबतची दुखण्याची गोळी, हे बघितल्याशिवाय ती कुणाला द्यायची नसते." प्राजक्ता मावशीकडे वळली. "आईला चार महिने रक्त पडत होतं. लाजेनं बोलली नाही. काही वाटायचंच होतं, तर रक्त दिसलं की लाजू नका, एवढंच सांगायचं होतंस बायकांना!"

ताराबाई ढसाढसा रडल्या.

दिलेलं वाण कुणी परत मागत नाही. ताराबाईंनी दुसऱ्या दिवशी भर उन्हात दारोदार जाऊन मागितलं. "माझं चुकलं. पाकीट परत द्या. हीच गोळी हृदयासाठी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती मात्र बंद करू नका. आणि संडासातून रक्त गेलं तर लाजू नका, लगेच दाखवा."

शेवटचं दार ललिताबाईंचं.

"अवो, ते तं कवाच संपलं! मी नवं आणलं. बडनेऱ्याच्या जावेलेबी पाठवलं. तिनं तिच्या भिशीत वाटलं."

ताराबाई उंबऱ्यावरच बसल्या. मनकर्णाबाईंनी डोळे उघडल्याचा दवाखान्यातून अजून फोन आला नव्हता.

वाचकहो, माया कितीही खरी असली तरी औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. पाकीट परत मागता येतं, पोटात गेलेली गोळी नाही.