होम विझवायचा नसतो

“पिशव्या बांधल्या का नाई, बंडूजी?” मुकेशसेठ खालून ओरडला.

“बांधून राह्यलो.” शिडीच्या टोकावरून बंडूजी वायरमन छतावरच्या डब्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधत होता. त्या डब्या धूर ओळखणाऱ्या. मागल्या वर्षी या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामाच्या मुहूर्ताला होमाचा धूर त्यांत शिरला, घंटी वाजली, फोनच्या तारेतून खबर घंटीवर लक्ष ठेवणाऱ्या नागपूरच्या कंपनीत गेली आणि ऐन पूर्णाहुतीला हिंगणघाटचा बंब फाटकात येऊन उभा राहिला. गावभर हसू झालं. व्यापाऱ्याला तोटा एक वेळ पचतो, हसू पचत नाही.

“अन् पूजा झाली का नागपूरले फोन लावा. ते घंटीचं झंझटच बंद करून टाका.”

बंडूजीचा हात थांबला. “सेठ, आत बाया काम करतेत. चारी बाजूनं कापूस.”

“आग लागन तं दिसन ना! डोये हायेत सगळ्याइले.”

कापसाची आग दिसत नाही. ती ढिगाच्या पोटात धुमसते आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. बंडूजी शाळेत होता तेव्हा याच जिनात त्याची आई अशीच गेली. पुढे तो इथेच कामाला लागला, हात धुऊन मुकेशच्या वडिलांच्या, बापूजी सेठच्या मागे लागला आणि ही घंटी बसवून घेतली. आता कारभार मुलाच्या हाती होता. म्हातारे बापूजी ऑफिसातल्या खुर्चीत बसून असत, कुणी विचारलं तरच बोलत.

पूजा झाली. होम पाण्याने विझवायचा नसतो, आपला आपण शांत होऊ द्यायचा, हे जिनातल्या लहानथोरांना ठाऊक. म्हणून कुंड उचलून भिंतीकडेला ठेवलं, वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलं आणि सगळे जेवायला बसले. भिंतीकडेला आदल्या दिवशीचा कापूस पडलेला आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बंडूजीच्याही नाही. त्याच्या डोक्यात तो फोन होता.

जेवणं उरकताच त्याने ऑफिसातून नागपूर लावलं. मुकेशसेठ शेजारी उभाच.

“बंद करायचं असेल तर ठरलेला शब्द सांगा,” पलीकडची बाई म्हणाली.

शब्द बंडूजीनेच ठरवला होता. मनकर्णा. आईचं नाव. तो ओठांपर्यंत आला आणि अडकला. खिडकीतून त्याला त्याची बायको प्रमिलाबाई दिसली, इतर बायांसोबत जिनाचं दार ढकलून आत जाताना. आणि पिशव्या अजून तशाच होत्या.

“थांबा जराशा,” म्हणत त्याने फोन तसाच टेबलावर ठेवला आणि धाव घेतली.

“काऊन पळून राह्यले?” सेठ मागून ओरडला.

बंडूजीने शिडी चढून पहिली पिशवी ओढली. घंटी किंचाळली. त्याने खाली पाहिलं तर कुंडामागच्या ढिगातून धुराची बारीक रेघ निघत होती.

“प्रमिला, भायेर हो! सगळ्याजणी भायेर!”

बाया पळाल्या. गडीमाणसांनी ढीग फोडला, ओली पोती टाकली, बादल्या ओतल्या. घंटीचा आवाज नागपूरच्या बाईला फोनवरच ऐकू गेला होता. बंब तिनेच पाठवला. तो आला तेव्हा आग विझली होती. प्रमिलाबाईच्या पदराचं टोक तेवढं करपलं होतं.

मुकेशसेठ बंडूजीला ओढत ऑफिसात शिरला. “मुहूर्तालेच बंब! पुन्हा!” त्याने नागपूरला परत फोन लावला. “मालक बोलून राह्यलो. बंद करा हे.”

“शब्द सांगा.”

“सांगा ना, बंडूजी.”

“नाई सांगत.”

“कामावर राह्यचं हाय का नाई?”

“राह्यचं हाय. पन नाई सांगत.”

सेठ फोनात म्हणाला, “लक्ष्मी.” नाही. “गणपती.” नाही. त्याने जिनाचं नाव सांगून पाहिलं, वडिलांचं सांगितलं. नाही. शेवटी तो खुर्चीकडे वळला. “बापूजी, तुमाले माहीत हाय काय?”

म्हाताऱ्याने बंडूजीकडे पाहिलं.

“माहीत हाय,” तो म्हणाला. “तिच्या मयतीले गेलतो मी. फोन ठेव, मुकेश.”

“तिच्या म्हंजे कोनाच्या?”

बंडूजी उरलेल्या पिशव्या काढायला शिडीकडे गेला.