मुठीवरचा नवरा

रास्मीचं लग्न ज्याच्याशी लागलं, त्याचे डोळे, नाक आणि गुडघे मी केलेले आहेत. ते कसं, ते पहिल्यापासून सांगतो.

मी नेंगाह. बालीतल्या आमच्या गावात कट्यारींच्या मुठी कोरतो. दादा परदेशी जहाजावर भांडी घासतो. आई लोकांना सांगताना त्याला कप्तान करते. एकदा त्याचा फोन आला, "घरच्या कट्यारीला नवी मूठ कर. समारंभ आहे." कुणाचा, ते मी विचारलं नाही. दादा समुद्रात, घरात लग्नाजोगा मीच.

मुठीवर उकिडवा बसलेला राक्षस कोरायचा होता. शेजारची रास्मी रोज येऊन समोर बसायची.

"डोळे जरा प्रेमळ कर की रे."

"अगं, राक्षस आहे तो."

"असू दे. जन्मभर बघायचंय मला त्याच्याकडे."

जन्मभर! मी त्याचे सुळे तासून टाकले. नाक तर आरशात बघून कोरलं. आठवड्याचं काम तीन महिने पुरवलं. शेवटी तो राक्षस शाळामास्तरासारखा दिसायला लागला.

मूठ पात्यावर बसवली त्या दिवशी आई म्हणाली, "परवा रास्मीचं लग्न."

"कुणाशी?" मी लाजत विचारलं.

"कुणाशी म्हणजे? दादाशी! सुटी नाही मिळाली त्याला. मग रीतीप्रमाणे त्याच्या जागी कट्यार उभी करायची."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर इतकी छान केली असतीस?"

कट्यार धरायला घरचा पुरुष लागतो. त्यामुळे मी दिवसभर नवरीशेजारी उभा होतो. पुजाऱ्यांनी नवरदेवावर तीर्थ शिंपडलं. थोडं माझ्याही डोळ्यांत गेलं, हे बरं झालं.

"घट्ट धर रे, जावई पडेल!" रास्मीचा मामा ओरडला. मंडप हसला. मीही हसलो, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

रास्मीनं मुठीकडे निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नाक चुकलंय तुझं. त्यांचं सरळ आहे."

ती आता आमच्याच घरात राहते. म्हणून हा अर्ज.

मा. गावप्रमुख यांस,
अर्जदार नेंगाह, मूठ-कारागीर, सविनय विनंती करतो की, सदर अर्जदारास 'वहिनी' या संबोधनातून कायमस्वरूपी सूट मिळावी. ते नियमात बसत नसल्यास, निदान ती भात वाढत असताना तरी मिळावी.