पाठमोरी

नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं ते कोळ्यांचं गाव शोधून काढलं होतं स्वरूपानं. पाण्यात खांबांवर उभं असलेलं लाल घरही राहायला तिनंच निवडलं होतं आणि त्याचा फोटो फ्रिजवर लावला होता. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणत तिचा नवरा अंबरीष आठवडाभर कामासाठी ओसाकाला गेला आणि परत आला.

टोकियोत घराजवळच्या ओजिमाच्या सुपरमार्केटात स्वरूपाला त्याच्या ऑफिसातल्या मोरी-सान भेटल्या. कमरेत वाकून म्हणाल्या, "नॉर्वेहून आणलेल्या चॉकलेटबद्दल आभार. फोटोतलं लाल घर फार सुंदर होतं. तुम्ही मात्र पाठमोऱ्या."

"वारा होता," स्वरूपा कसंबसं बोलली.

घरी अंबरीष सोफ्यावर पसरला होता.

"बायकोला फसवलंस," ती म्हणाली, "पण सहलीहून आल्यावर ऑफिसात खाऊ वाटायची इथली रीत काही मोडवली नाही तुला. पक्का जपानी झालास की रे."

तो ताडकन उठून बसला. "स्वरूपा, ऐक तर..."

"पाठमोरी कोण होती ते नको सांगूस. घर मी निवडलेलंच घेतलंस ना?"

अंबरीषनं मान खाली घातली.

"एवढंसुद्धा स्वतः शोधता आलं नाही तुला."

तिनं फ्रिजवरचा त्या घराचा फोटो काढून रद्दीच्या गठ्ठ्यात खुपसला. मग त्याची बॅग उचलून दाराबाहेर ठेवली.