दोन डाव्या बाह्या

कोपराच्या खळगीत चिकटलेला कापूस... ओढला तर केसांसकट निघणार, म्हणून टेलर मास्तरानं चिकटपट्टीचं टोक नखानं उचललं आणि पुन्हा दाबून ठेवलं. सकाळी रक्त दिलं, दुपारी डॉक्टरनं सांगूनही टाकलं — ठणठणीत आहात. साखर, रक्तदाब, सगळं नॉर्मल, हॉर्मोनसुद्धा वयाच्या मानानं जेवढे असायला हवेत तेवढेच. मग मला असं का होतं, हे विचारायचं राहिलं; विचारलं ते भलतंच — औषध काही? तो तिशीतला पोरगेला डॉक्टर हसला. आजारच नाही तर औषध कसलं? मेंदू हॉर्मोनचे हुकूम सोडतो, पूर्वी लयीत सोडायचा, आता छोटे छोटे, अवेळी सोडतो. आणि खालच्या ग्रंथी ऐकतात, पण आपल्या सवडीनं. सगळ्यांचंच होतं, काका.

काका म्हणे!

सगळ्यांचंच — नेमकं हेच नको होतं. आजार निघाला असता तर निदान त्याचं नाव घरी नेता आलं असतं, बायकोला म्हणता आलं असतं, बघ, हे आहे, तुझा यात काही संबंध नाही. वर्ष झालं, ती भिंतीकडे तोंड करून झोपते. एकदा म्हणाली होती, मी आता म्हातारी दिसते ना? आणि तो म्हणाला, दिवा घालव. दिवा घालव! जीभ कशी झडली नाही माझी... मी निरोगी आहे. निरोगी माणसानं बायकोला काय सांगायचं? आणि खरं तर — हे डॉक्टरलाही सांगितलं नाही — इच्छा गेली याचं आता फारसं वाईटही वाटत नाही, आणि त्याचीच धास्ती बसते.

"अहो."

दुकानात समोर काज-बटण करत बसलेली बायको उठून आली होती, हातात त्यानं नुकत्याच कापलेल्या कोटाच्या बाह्या.

"दोन्ही डाव्याच कापल्यात."

कापड कमी, म्हणून एकेरी अंथरून एकेक बाही कापावी लागली होती, आणि दुसऱ्या वेळी कागदाचा साचा उलटायचाच राहिला. उमेदवारीतसुद्धा ही चूक त्याच्या हातून झाली नव्हती.

"गिऱ्हाइकाला दोन डावे हात असले म्हणजे झालं," तो म्हणाला.

एरवी ती हसली असती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सगळं नॉर्मल. काही झालेलं नाही मला."

आणि तिचा चेहरा पडला. क्षणभरच, लगेच "चला, जीव भांड्यात पडला," म्हणून तिनं सावरून घेतलं, पण त्यानं पाहिलं होतं — म्हणजे हीसुद्धा... हीसुद्धा माझ्या आजाराच्या आशेवर होती. माझ्यात काही निघालं, तर खोट तिच्यात निघणार नव्हती. आता बाह्यांची घडी घालता घालता ती कानावरचे पांढरे केस मागे लपवत होती.

"बस जरा," तो म्हणाला.

"गिऱ्हाईक संध्याकाळी येणारे. आधी कापडाचं बघा."

"राहू दे गं कापड. बस."

ती स्टुलाच्या कडेवर बसली, घडी न सोडता. त्यानं बोलायला तोंड उघडलं — मेंदू, हुकूम, ग्रंथी... छे, हे ऐकून हिला काय मिळणार? छातीत धडधडू लागलं, तळहातांना घाम फुटला. ही आता उठून जाईल, अशी भीती वाटत होती त्याला. आणि कितीतरी महिन्यांत तिच्याविषयी त्याला इतकं जोरात काही वाटलं नव्हतं.