बॅकअप उघडून बघितलास?

धाकट्या जावेने सर्व्हरचं अपडेट सात महिने टाळलं होतं. तिच्या भरवशावर गिऱ्हाइकांच्या बेचाळीस वेबसाइट त्यावर सुरळीत चालत होत्या. दातांचे डॉक्टर, सायकलवाला, गाण्याचे दोन क्लास. मग जुन्या सिस्टीममधून चोर आत शिरू शकतात, असा इशारा आला आणि पळवाटच संपली. वर्दळ कमी म्हणून तिने रविवार सकाळ धरली.

तेवढ्यात थोरली जाऊ शेजारी येऊन बसली. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं नर्स, निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता. घरात तिचा वेळ जाता जात नव्हता.

"आणि मशीन परत चालूच झालं नाही तर?" सगळं ऐकून तिने विचारलं.

"बॅकअप आहे ना ताई. रोज आपोआप निघतो."

"उघडून बघितलास?"

धाकटीला राग आला, पण पिच्छा सुटावा म्हणून तिने बघितलं. फायली रोजच्या होत्या, तारखाही बरोबर. गेल्या पाच आठवड्यांच्या मात्र सगळ्या रिकाम्या. डिस्क भरून गेली होती आणि हिला पत्ताच नव्हता.

थोरलीने खुर्ची पुढे ओढली. "पोट शिवण्याआधी आम्ही गॉजचे तुकडे मोजायचो, एखादा आत राहू नये म्हणून. चल, मोजू."

धाकटीने डिस्क साफ केली, नवा बॅकअप काढला, जुन्या लॅपटॉपवर उघडून पाहिला आणि अपडेट आधी तिथेच चालवलं. डॉक्टरांचं अपॉइंटमेंटचं पान कोरं उघडलं. ते दुरुस्त करायला तास गेला, पण गिऱ्हाइकांना कळलंसुद्धा नाही. मग साइट थोडा वेळ बंद राहतील असा सगळ्यांना निरोप धाडून तिने खऱ्या सर्व्हरवर अपडेट चढवलं आणि दहा मिनिटं वाट पाहायचं ठरवून तो रीस्टार्ट केला.

एक मिनिट. चार मिनिटं. सर्व्हर गप्प. धाकटी नखं खायला लागली.

"दहा मिनिटं थांबायचं ठरलंय," थोरली घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. "तोवर हात लावायचा नाही."

सातव्या मिनिटाला सर्व्हर बोलला. थोरली बेचाळीस साइटची यादी वाचत गेली, धाकटी एकेक साइट उघडून "आहे" म्हणत गेली. एका क्लासची गाणी वाजेनात, तेवढं दोन मिनिटांत निस्तरलं.

धाकटीच्या लग्नापासूनच्या बारा वर्षांत दोघी इतका वेळ एका खोलीत कधी बसल्या नव्हत्या.

"दर महिन्याला एक रविवार याल का?" धाकटीने चाचरत विचारलं.

"येईन की. पण ही खुर्ची बदल बाई, कंबरेची पार वाट लागली."