कापसाखालची सायकल

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत सौंसरच्या भैय्याजींच्या घरी कापूस आला आणि त्यांच्या सुनेची सायकल त्याखाली गेली. खोली आढ्यापर्यंत भरली. सून उर्मिला मोहगावच्या शाळेत शिकवायची. हिवाळाभर ती बसनं गेली. शाळेचं भागलं, पण नेमाचं काय? अकरा शनिवार सायकलनं जामसांवलीच्या मारुतीला जायचं आणि दर्शन होईतो तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नवस ती बोलली होती. सात शनिवार झाले होते. उरलेले चार कापसाखाली.

माघात कापूस सरकी काढायला जिनात गेला तेव्हा सासू शकुबाई म्हणाली, "आता सायकल विजयले देऊन टाकू. तुह्या दिराच्या कामी तरी येईन. तुहे पाय गेले आता."

"या शनिवारी जाऊन दाखवते ना, आत्याबाई."

"मी अन् कलाबाई पायी जाऊन राहिलो. माह्याआधी पोचलीस, तर सायकल तुही."

उर्मिलेला मनातल्या मनात हसूच आलं. शनिवारी पहाटे तिनं सायकल पुसली. मागच्या चाकाच्या आसाशी थोडा कापूस डोकावत होता, त्यावरच भरपूर तेल सोडलं आणि निघाली.

गाव सुटलं तशी सायकल जड झाली. उर्मिलेला संक्रांतीचे तिळाचे लाडू एकेक करून आठवू लागले. चढावर तर पायडल हलेचना. मागून चपलांचा आवाज आला.

"काहून वं, मास्तरीणबाई," शेजारची कलाबाई म्हणाली, "सायकल फिरायले आणली का?"

दोघी पुढं गेल्या. उर्मिला उतरून ढकलू लागली. डोळे भरून आले, पण नेमापायी बोलता येईना. मारुतीनंच नको म्हटलं असावं, असंही वाटून गेलं.

शकुबाईनं वळून पाहिलं. सून घामाघूम होऊन उतारावरही सायकल ढकलत होती. म्हातारी थबकली. मग परत आली, सायकलचं मागचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात अडलं.

"अवं, हे पाय नाही गेले, हे चाक गेलं."

ती खाली बसली. जन्मभर देवाच्या वाती वळलेली बोटं तिची. आसाला गुंडाळलेल्या तेलकट कापसाचं टोक तिनं नेमकं धरलं आणि ओढलं. वीतभर, हातभर, काळीकुट्ट वात निघतच राहिली.

"माय, एवढ्यात तर कार्तिकभर दिवा जळला असता," कलाबाई म्हणाली.

चाक भुर्रकन फिरलं. उर्मिलेनं हात जोडले आणि सासूकडे पाहिलं. शकुबाईनं रस्त्याकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं, अन् पदर खोचून कॅरिअरवर बसली.

"चाल. तू समोर, मी मागं. म्हणजे तूच आधी पोचशील."

"अन् मी वं?" कलाबाईनं विचारलं.

"तुहा कुठं नेम आहे सायकलचा? ये हळूहळू."

उर्मिला ओठ घट्ट मिटून पायडल मारत होती. तिची पाठ हसण्यानं गदगदत होती, आणि शकुबाई मागून दटावत होती, "सरळ चालव, पोरी. अजून तीन शनिवार आहेत."