चार बोटं कुणाची?

अगं, तू आधी ऐक तर, मग हस. काल माझी अ‍ॅक्युपंक्चरची, म्हणजे सुया टोचायची शेवटची प्रॅक्टिकल होती. नापास झाले तर परत सहा महिने आमच्या शिकवणाऱ्या बाईंच्या दवाखान्यात चादरी बदलत बसायचं. आणि पेशंट आपापला आणायचा होता. मी कुणाला न्यावं? मामाला. आमच्या सुतारमामाला!

प्रश्न आला ओटीपोटाचा. बेंबीखालचा बिंदू शोधायचा आणि सुई टोचायची. सोप्पं! वहीत बाईंचंच वाक्य होतं, 'बेंबीखाली स्वतःची चार बोटं, जोडून, आडवी.' ठेवली मी.

बाई म्हणाल्या, "ही कुणाची?"

"स्वतःची."

"म्हणजे कुणाची?"

"म्हणजे... माझी स्वतःची."

"अगं, पोट कुणाचं? ज्याचं पोट त्याची बोटं!"

आता मामाची उजव्या हाताची दोन बोटं करवतीनं नेलीत, डाव्याचं एक. मामानं दोन्ही हात वर केले. "दोन इकडची, दोन तिकडची घेऊ. हाय काय नाय काय."

बाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं. "बेंबीपासून खालच्या हाडापर्यंत पाच सारखे भाग कर. तिसरा संपतो तिथे."

सारखे भाग म्हटल्यावर मामा उठूनच बसला! खिशातून टेप, कानावरून पेन्सिल.

"मामा, आडवा हो, पोटाला वळ्या पडतायत."

झोपून मापं घेतली गं त्यानं. खूणही केली. मग श्वास सोडला तर खूण सरकली. म्हणतो, "इतकं ओलं लाकूड मी दुकानात घेत नाही."

मी स्पिरिटनं पुसलं, सुई काढली आणि विचारलं, "लघवीला जाऊन आलास ना?" विचारावंच लागतं, मूत्राशय तिथेच खाली असतं.

"सकाळी गेलो होतो की."

पाठवला. आला तर पोट खाली बसलेलं, खूण भलतीकडे. परत टेप. तेवढ्यात त्याला सुई दिसली आणि घशाला कोरड पडली, घटाघटा बाटलीभर पाणी प्यायला. करवतीला न घाबरणारा माणूस! परत पाठवला. असं तीनदा झालं, शपथ!

बाई घड्याळ बघून म्हणाल्या, "दोन मिनिटं राहिली."

माझ्या हातात सुई. मामा कानात कुजबुजला, "थोडी लागलीये गं. पण तू टोच, मी दाबून धरतो."

"थोडी म्हणजे किती?"

"तीन बाटल्या."

बाईंना ऐकू गेलं नव्हतं. टोचली असती तर पास झाले असते मी. पण हात पुढे जाईना. सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हटलं, "जा बाबा."

वेळ संपली. बाईंनी कागदावर लिहिलं, 'काळजी घेणे, दहापैकी दहा. सुई टोचणे, दहापैकी शून्य, कारण टोचलीच नाही.' आणि पास व्हायला लागतात अकरा!

मामा शर्ट वर धरूनच बाहेर आला. "चल, आता एकदम रिकामा! टोच!"

मी चादर बदलत होते.

नाही, तू सांग ना, तू काय केलं असतंस?